पाना, पक्कड आणि हिशोबाची वही: मुलांना यंत्रांची आणि धंद्याची गोडी लागावी म्हणून घरात काय करता येतं

सहावी-सातवीतल्या मुलांचे आई-बाबा हल्ली दोन प्रश्न हमखास विचारतात. रोबोटिक्सचा चांगला क्लास कोणता? आणि फाउंडेशन बॅच, म्हणजे जेईई-नीटसारख्या परीक्षांची आधीपासून तयारी करून घेणारी शिकवणी, कोणत्या इयत्तेपासून लावायची? दोन्हींची उत्तरं शेवटी देतो. त्याआधी जे करायचं ते बहुतेक फुकटात होण्यासारखं आहे, आणि म्हणूनच कदाचित कोणी करत नाही.

माझं मत आधी सांगून टाकतो. ज्यांना पुढे यंत्रांत रस वाटला, किंवा ज्यांनी स्वतःचा धंदा उभा केला, त्यांच्या लहानपणात डोकावलं तर शिकवणी फारशी सापडत नाही. सापडते ती जवळीक. उघडता येतील अशा वस्तू, काम करणारी माणसं आणि पैशाची उघड चाललेली बोलणी हाताच्या अंतरावर होती. आवड लावता येत नाही, पण ही जवळीक घडवून आणता येते.

सेमूर पेपर्टचं उदाहरण घ्या. मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार करणाऱ्यांपैकी हा एक गणितज्ञ, अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक. दोन वर्षांचा व्हायच्या आत त्याला मोटारीच्या गिअरबॉक्सच्या भागांची नावं पाठ होती. पुढे शाळेत पाढे आले ते त्याला दातेरी चाकांच्या रूपात दिसले, आणि दोन अव्यक्तांची समीकरणं आली तेव्हा डिफरन्शियल, म्हणजे मोटारीच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची रचना, डोळ्यांसमोर आला. हे सांगून झाल्यावर त्याने एक धोक्याची सूचनाही दिली: यावरून प्रत्येक मुलाला गिअरचा संच आणून द्यायला जाऊ नका. तो त्या चाकांच्या प्रेमात पडला होता, आणि दुसरं मूल दुसऱ्याच कशाच्या तरी प्रेमात पडेल. म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, बघण्याचं आहे.

आधी महिनाभर नुसतं बघा

दिवाळीतला किल्ला ही यासाठी सोन्यासारखी संधी. एकाच सोसायटीतली पाच मुलं एकच किल्ला करत असतात, पण पाचांचं काम वेगळं असतं. एकजण सलाईनची नळी आणि बाटली जमवून कारंजं उडवायच्या मागे लागलेला असतो. बाटली किती उंच टांगली की पाणी किती वर जातं, हे तो कोणी न सांगता करून बघतो. दुसरी मुलगी दगडांवर दगड रचून बुरूज ढासळत का नाही ते शोधत असते. तिसऱ्याला मातीत हात घालायचा नसतो, पण मावळ्यांसाठी वर्गणी कोणाकडून किती आली हे त्याला तोंडपाठ असतं, आणि उरलेल्या पैशांत अजून एक तोफ बसवता येते हेही त्यानेच काढलेलं असतं. चौथा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून किल्ला दाखवतो.

कारंजेवाल्यात आपल्याला इंजिनिअर लगेच दिसतो. वर्गणीवाल्याला मात्र आपण 'नुसता उंडारतो, काम करत नाही' म्हणतो. खरं तर चेंडूसाठी दहा घरांतून पैसे गोळा करून शिल्लक परत देणारं पोर हे धंद्याचं पहिलं लक्षण आहे.

एक साधी वही ठेवा. मूल कोणत्या गोष्टीला न सांगता परत जातं, कशात वेळेचं भान सुटतं, काय मोडतं, काय जोडतं, कोणाशी कशाची अदलाबदल करतं, एवढंच टिपा. मुलाला ती वही दाखवू नका. दाखवलीत की ते तुम्हाला आवडेल तसं वागायला लागेल.

मोडक्या वस्तूंचा खोका

घरातली बिघडलेली वस्तू भंगारवाल्याकडे जायच्या आधी एका खोक्यात जाऊ द्या. त्यात काय असावं यापेक्षा काय नसावं हे जास्त महत्त्वाचं, म्हणून ते आधी. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर मुलांच्या हाती अजिबात द्यायचे नाहीत. प्लग काढून ठेवल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका बसेल एवढा विद्युतभार राहू शकतो. मोबाईल आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या टोचल्या की पेट घेतात. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फ्रिजमध्ये दाबाखालचा गॅस. डीव्हीडी प्लेअर दिलात तर लेझरचा भाग आधी काढून घ्या. भिंतीतल्या विजेवर चालणारी कोणतीही वस्तू खोक्यात टाकताना तिची वायर प्लगसकट कापून टाका, म्हणजे 'चालते का बघू' म्हणून कोणी ती सॉकेटमध्ये घालणार नाही.

द्यायचं काय? भिंतीवरचं घड्याळ, कीबोर्ड, माऊस, रिमोट, चावीची खेळणी, जुना प्रिंटर (छोट्या मोटारी, स्प्रिंगा, पट्टे, दातेरी चाकं, एवढा ऐवज दुसऱ्या कशात मिळत नाही), सायकलचं मागचं चाक, आणि वायर कापलेला मिक्सर.

सुरुवात घड्याळापासून करा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तासाभरात जमतं आणि त्यात गणित लपलेलं आहे. सेल काढायचा. काटे सरळ वर ओढून काढायचे: आधी सेकंदाचा, मग मिनिटाचा, मग तासाचा. मधला नट फिरवला की मागचा काळा डबा सुटतो, आणि त्याच्या कडेच्या खाचा सैल केल्या की झाकण निघतं. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढायला लावा आणि निघालेले भाग क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगा. परत जोडताना याच दोन सवयी तारतात.

आत पांढरी प्लास्टिकची चाकं, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि छोट्या पट्टीवर बसवलेली एक चंदेरी नळकांडी दिसेल. त्या नळकांडीत क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा असला विचित्र आकडा का? मुलाच्या हाती कॅल्क्युलेटर द्या आणि आकडा निम्मा, परत निम्मा करत जायला सांगा. पंधराव्या वेळी बरोबर एक उरतो. आतला सर्किटचा तुकडा हेच करतो, आणि त्यातून दर सेकंदाला वेटोळ्यात एक झटका जातो. त्या झटक्याने छोटं चुंबक अर्धा फेरा फिरतं. म्हणजे मिनिटाला ३० फेरे. सेकंदकाट्याने मात्र मिनिटात एकच फेरा घ्यायचा आहे. मग मधल्या चाकांना मिळून वेग किती पट कमी करावा लागेल? दात मोजायला बसवा. सुट्ट्या चाकांवर भिंग धरून दात मोजणाऱ्या मुलाला गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

इथे तुमचं तोंड बंद राहणं महत्त्वाचं. उत्तर येत असलं तरी अर्धा तास सांगू नका. येत नसलं तर 'मलाही माहीत नाही, बघूया' म्हणा. घड्याळ परत चालू झालं नाही तरी चालेल. ते आधीही बंदच होतं.

सायकलवर अजून एक मजेदार कोडं आहे. डावं पायडल काढायला सांगा आणि काहीही सांगू नका. मूल नेहमीच्या दिशेने पाना लावून घाम गाळेल आणि पायडल घट्टच होत जाईल, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ आटे असते तर पायडल मारता मारता ते हळूहळू सैल झालं असतं. हे मुलाने स्वतः शोधलं तर ते आयुष्यभर विसरणार नाही.

खेळण्यातली नको, खरी हत्यारं द्या

खेळण्याच्या दुकानातला 'टूल सेट' घेऊ नका. मऊ लोखंडाचा स्क्रू ड्रायव्हर घसरतो, स्क्रूचं डोकं खातो आणि हातालाही लागतो. हार्डवेअरच्या दुकानातून चपट्या आणि फुलीच्या तोंडाचे दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, ८-९, १०-११ आणि १२-१३ चे पाने, हलकी हातोडी, मोजायची टेप आणि डोळ्यांना चष्मा आणा. वर्षभराने विजेची मोजमापं घेणारा साधा डिजिटल मल्टिमीटर. सोल्डरिंग गन बाराव्या वर्षाच्या आसपास, शेजारी मोठं माणूस आणि खिडकी उघडी असेल तेव्हाच. मुलाला दुकानात बरोबर न्या आणि दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या. 'दहा-अकराचा पाना द्या' हे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणण्यात एक वेगळीच ऐट असते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या दुरुस्त्या मुलांसमोर होऊ द्या. प्लंबर, इलेक्ट्रिशियन किंवा गवंडी आला की आपण मुलांना 'मध्ये येऊ नका, अभ्यास करा' म्हणून आत पिटाळतो. उलट टॉर्च धरायला उभं करा. टॉर्च धरणाऱ्याला नेमकं बघावंच लागतं. मेस्त्रींना आधी विचारून घ्या. बहुतेकांना कोणी कौतुकाने बघत असलं की आवडतं, आणि ते बोलायला लागतात.

राइट बंधूंच्या घरी हत्यारं चालवायची ती आई. सुझान राइट गाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात शिकलेलं कसब वापरून ती मुलांसाठी घसरगाडी आणि खेळणी बनवायची. वडील धर्मगुरू होते, त्यांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण १८७८ साली त्यांनीच बूच, बांबू, कागद आणि रबर यांचं एक उडतं खेळणं घरी आणलं. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा होता, ऑरव्हिल ७ चा. खेळणं मोडलं तेव्हा त्यांनी स्वतः तसंच बनवलं, मग मोठं बनवून बघितलं आणि मोठं नीट उडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हा त्यांचा पहिला प्रयोग. पुढे छपाईचा धंदा, सायकलींचं दुकान आणि मग १९०३ चं उड्डाण. खेळणं लाखो घरांत येतं. ते मोडल्यावर नवं आणून न देता 'करून बघा' म्हणणारं घर दुर्मिळ.

कामाच्या ठिकाणी न्या

अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२ लाख संशोधकांच्या, म्हणजे पेटंट घेतलेल्या माणसांच्या, लहानपणाचा माग काढला. ज्या भागात एखाद्या तंत्रज्ञानाचे संशोधक जास्त, तिथे वाढलेली मुलं पुढे नेमक्या त्याच तंत्रज्ञानात पेटंट घेताना दिसली. तिसरीतल्या गणितात सारखीच हुशार असलेली गरीब घरातली मुलं मात्र श्रीमंत घरातल्या मुलांच्या मानाने फार कमी संख्येने तिथपर्यंत पोहोचली. बुद्धी होती, पण असं काम करणारं माणूस जवळून बघायला मिळालं नव्हतं.

आपल्याकडे याला पुरावा शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिरून या. फाउंड्री, लेथ आणि ऑइल इंजिनांच्या सहवासात वाढलेल्या पोरांना 'टर्निंग', 'जॉब', 'टॉलरन्स' हे शब्द कोणी शिकवत नाही. इचलकरंजीच्या पोरांना यंत्रमाग कळतो, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या पोरांना ठिबक आणि फवारणीचा पंप. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला मात्र आई-बाबा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून नेमकं काय करतात तेही सांगता येत नाही.

तर महिन्यातून एक जागा. दुचाकीचं गॅरेज, सुताराचं दुकान, पिठाची गिरणी, छापखाना, एमआयडीसीतला ओळखीचा छोटा कारखाना, बेकरी. मोठ्या कंपनीच्या काचेआडच्या सहलीपेक्षा चार माणसांचं वर्कशॉप कितीतरी चांगलं, कारण तिथे मालक स्वतः यंत्रावर असतो आणि पाच मिनिटांनी गिऱ्हाइकाशी भावावरून बोलत असतो. यंत्र आणि धंदा एकाच खोलीत दिसतात. गर्दीच्या वेळी जाऊ नका, आधी फोन करा. पायात बूट हवेत, चप्पल नको. केस बांधलेले, ओढणी-स्कार्फ नाही. आणि मुलाकडून तीन प्रश्न घरीच तयार करून घ्या. 'हे यंत्र बंद पडलं तर दिवसाचं किती नुकसान होतं?' हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. त्याचं उत्तर देताना कोणताही मालक खुलतो.

बघणं आणि राबवणं यातली रेघ स्पष्ट ठेवा. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात हातभार लावायला २०१६ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, ती तेवढीच.

पैशाचं बोलणं ताटावर येऊ द्या

दुकानदाराच्या घरात जेवताना उधारी, माल, भाव, गिऱ्हाइकाची तक्रार हेच विषय असतात आणि मूल ते न शिकता शिकतं. नोकरदाराच्या घरात पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो, आणि तो कुठून, कशाच्या बदल्यात येतो हे मुलाला दिसतच नाही. शिवाय 'मुलांसमोर पैशाचं बोलू नये' ही आपली जुनी समजूत. ती सोडा. वीजबिल मुलाच्या हाती द्या आणि युनिट मोजायला लावा. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीचा हिशोब जेवताना अंदाजाने मांडा: तेल, बटाटे, पाव, गॅस, गाडीचं भाडं, मदतनिसाचा पगार. आकडे चुकतील. चुकू द्या, मग स्वतः जाऊन विचारू द्या.

किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट इथे उपयोगाची. वडील वेदान्ती पंडित आणि मुलाने त्यांच्याच वाटेने जावं अशी त्यांची अपेक्षा. लक्ष्मणराव वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले ते थोरल्या भावाने, रामूअण्णांनी, पैसे दिले म्हणून. दोन वर्षांनी रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळलं, चित्रकला सुटली, पण यांत्रिक आरेखन हाताशी राहिलं. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांच्या मदतीने किर्लोस्करवाडी वसली. मुलाला सांगताना 'मोठे उद्योगपती झाले' यावर थांबू नका. दोन वर्षं पडून राहिलेल्या नांगरांवर थांबा, आणि विचारा: तू असतास तर शेतकऱ्याला काय दाखवलं असतंस? आई-बाबांनी स्वतःसाठी लक्षात ठेवायचं ते रामूअण्णांचं. सगळं घर पाठीशी नसलं तरी एक माणूस पुरतो. तो मामा, आत्या, शेजारचे काकाही असू शकतात.

आकाशकंदिलाचा धंदा: एक पूर्ण फेरी

दसरा ते दिवाळी हा वीस-एक दिवसांचा काळ पहिल्या धंद्यासाठी उत्तम. मागणी आहे, भांडवल थोडं लागतं आणि हंगाम संपला की हिशोब आपोआप बंद होतो.

भांडवल भेट म्हणून देऊ नका, उसने द्या. वहीत तारखेसह लिहून, परतफेडीच्या अटीवर. समजा मुलीने २० कंदील केले. काड्या २४० रुपये, कागद ३००, दोरा आणि खळ ६०. एकूण ६००, म्हणजे कंदिलाला ३० रुपये. ८० रुपयांना विकायला ठेवले, १४ गेले, ६ उरले. हाती ११२०. उसने ६०० परत केले, ५२० उरले. घरात आनंदीआनंद.

आता तिला विचारा, एका कंदिलाला वेळ किती लागला? दीड तास. वीस कंदिलांचे तीस तास. ५२० भागिले ३०, तासाला सतरा रुपयांच्या आसपास. इथे तिचा चेहरा पडेल, आणि नेमक्या याच क्षणी समजूत काढायची घाई करू नका. कारण पुढचा विचार तिथूनच सुरू होतो. वेळ कुठे गेला? प्रत्येक काडी मोजून कापण्यात आणि सांधा धरून बसण्यात. मग पुठ्ठ्यावर खिळे ठोकून साचा केला, काड्या एकदम एका मापाच्या कापल्या, तर? एका कंदिलाला पाऊण तास लागला तर तीच कमाई तासाला दुप्पट. कारखान्यात ज्याला जिग म्हणतात तो तिने जेवणाच्या टेबलावर शोधलेला असतो. इंजिनिअरिंग आणि धंदा हे दोन वेगळे विषय नाहीत हे यापेक्षा चांगलं कुठे कळणार?

सहा उरले ते का, यावरही बोला. रंग नको होता, की उशीर झाला, की शेजारच्या दुकानात ७० ला मिळत होता? आजी-आजोबांना दयेपोटी विकत घ्यायला लावू नका. ती विक्री हिशोबाची वाट लावते. आणि एखादा कंदील दोन दिवसांत उसवला म्हणून काकू परत घेऊन आल्या तर दारात मुलीनेच जायचं, बदलून द्यायचा की पैसे द्यायचे ते तिनेच ठरवायचं. तुम्ही स्वयंपाकघरात थांबा.

मुलींच्या बाबतीत जरा जास्त जागरूक राहा

वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एखाद्या तंत्रज्ञानातल्या स्त्री-संशोधक ज्या भागात जास्त, तिथे वाढलेल्या मुली त्या तंत्रज्ञानाकडे जास्त वळल्या. पुरुष संशोधकांच्या संख्येने मुलींच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. म्हणजे नुसतं वर्कशॉप दाखवून भागत नाही, तिथे काम करणारी बाई दिसली पाहिजे. एसटीची महिला चालक असो, डिझाइन विभागातली इंजिनिअर असो की गिरणी चालवणाऱ्या मावशी, शोधून भेटवा. घरात गॅसची नळी बदलताना, फ्यूज घालताना, स्कूटरचा प्लग साफ करताना पाना आईच्या हातात दिसू द्या. बाबांना येतं म्हणून दर वेळी बाबांनीच करायला हवं असं नाही.

शाळा आणि संस्था

निती आयोगाच्या योजनेतून देशभरात दहा हजारांच्या आसपास शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः हाताने वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या. तुमच्या शाळेत असेल तर पालकसभेत एवढंच विचारा की ती आठवड्यात किती तास उघडी असते. काही ठिकाणी ती पाहुणे येण्यापुरती उघडते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. ते दिवस कुठे जातात तेही विचारा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. लोखंडकाम, वीज, शेती, घर-आरोग्य यांतली खरी कामं गावासाठी करत शिकायचं ही तिथली पद्धत अनेक शाळांनी घेतली. सहलीसाठी रिसॉर्ट शोधण्यापेक्षा तिथे विचारणा करा. आणि अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी तर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून सुरू होतात, मराठीतही फुकट बघायला मिळतात.

आता ते दोन प्रश्न. रोबोटिक्सचा क्लास लावायचा तर लावा, पण एक कसोटी लावून: तिथे बनवलेली वस्तू मूल घरी येऊन परत स्वतः बनवू शकतं का? पन्नास हजारांचा संच क्लासमध्येच राहत असेल आणि मूल सूचनापत्रिका बघून तुकडे जोडत असेल, तर ते पैसे हत्यारांवर आणि भंगारावर घाला. फाउंडेशन बॅच सहावी-सातवीत नकोच. नववी-दहावीत मुलाने स्वतः मागितली तर विचार करा. तोपर्यंत संध्याकाळचे दोन तास रिकामे राहिलेले बरे.

आणि मध्येच मुलाने दोन-तीन महिने हत्यारांना हात लावला नाही, क्रिकेट किंवा तबल्यात रमलं, तर विचारपूस करू नका. खोका कपाटात राहू द्या, कुलूप मात्र लावू नका.